लहानांच्या मैदानाचा धडा

युरोपातील बास्केटबॉलमध्ये स्पेन, सर्बिया, फ्रान्स यांच्यासमोर माल्टा, अँडोरा किंवा सॅन मारिनो उभे राहिले, तर निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. म्हणूनच तेथे १९८८ पासून लहान देशांसाठी स्वतंत्र स्पर्धा आली. त्याआधी, १९८५ मध्ये, दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या देशांच्या क्रीडा स्पर्धाही सॅन मारिनोत सुरू झाल्या होत्या. त्यांतही बास्केटबॉलचा समावेश असतो.

ही सवलत आहे की दुबळ्यांची समजूत? आइसलँडचे उदाहरण बोलके आहे. लहान देशांच्या मैदानावर घडलेला, जेमतेम साडेतीन-चार लाख वस्तीचा हा देश २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये युरोपच्या मुख्य अजिंक्यपद स्पर्धेत पोहोचला. तिन्ही वेळा त्याला एकही विजय मिळाला नाही. तरीही तेथवर पोहोचणे हेच यश ठरते. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी जिंकण्या-हरण्याची सवय नसेल, तर मोठ्यांशी लढण्याची उमेदच उरत नाही.

गोव्याला हा धडा लागू पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांचे हे राज्य राष्ट्रीय पातळीवर कोट्यवधींच्या राज्यांशी आणि देशभरातून खेळाडू निवडणाऱ्या रेल्वे व सेनादलाशी झुंजते. २०१४ मध्ये लुसोफोनिया आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवून गोव्याने मैदाने उभारली. त्या मैदानांवर नियमित चुरस मात्र हवी आहे.

चोर्ला घाटापलीकडे अडचण निराळी आहे. बेळगाव शहराची लोकसंख्या २०११ मध्येच पावणेपाच लाखांच्या पुढे, म्हणजे आइसलँडहून अधिक होती. पण शहरालगतच्या हिंडलग्यातील मुलाला राज्य संघात यायचे, तर सुमारे पाचशे किलोमीटरवरील बंगळुरूच्या खेळाडूंशी स्पर्धा करावी लागते. कोल्हापूर आणि पणजी त्याहून कितीतरी जवळ. परंतु संघ राज्याच्या सीमेने ठरतात, अंतराने नव्हे. हिंडलग्याला १९८६ च्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. सीमा म्हणजे काय, हे त्या गावाला समजावून सांगावे लागत नाही.

ईशान्येच्या राज्यांनी २०१८ मध्ये इम्फाळला एकत्र येऊन आपली स्पर्धा भरवली. गोवा, बेळगाव, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर यांच्या संघांची वार्षिक निमंत्रित स्पर्धा भरवण्यासाठी सीमावादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागणार नाही. मैदान गोव्याकडे आहे. पुढाकारही गोव्यानेच घ्यावा.