देव मानत नाही, मग मेल्यावर तुमचे काय होणार?

मयताच्या घरी आम्हाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा वाईट माणूस नसतो. खांदा देऊन आलेला असतो, हातपाय धुऊन ओसरीवर टेकलेला असतो. तो हळूच म्हणतो, "भाऊ, तुमी देव मानत नाही, आत्मा मानत नाही. मंग मेल्यावर तुमचं का होईन?"

उत्तर एका ओळीचे आहे. शरीर मातीत, पाण्यात, हवेत मिसळेल. केलेले काम लोकांत राहील. बाकी काही होणार नाही. पण हे उत्तर ऐकून समोरचा माणूस आमच्याकडे दयेने पाहतो. जणू आमच्याकडे पांघरूण नाही आणि थंडी तोंडावर आली आहे. या दयेला एकदा सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

आमची आजी मागच्या पावसाळ्यात गेली. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली, तेव्हा सावलीकडून बंडीत बसून गेलेल्या माणसांत ती होती. लग्न नुकतेच झालेले. अक्षर एक येत नव्हते, पण बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. रोवण्याच्या बांधीत वाकून ती बाबासाहेबांची गाणी म्हणायची आणि बाकीच्या बाया धरायच्या. म्हातारपणी आम्ही तिला 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचून दाखवायचो. मध्येच आम्ही एखादे पान गाळले, तर तिला कळायचे.

अशी बाई गेली, आणि तिची मयत घरातून उठायच्या आत अंगणात तेरवीचा हिशेब सुरू झाला. किती पंगती, भाजी कोणती, कपडे कोणाकोणाला. आकडा 40,000 च्या वर गेला. घरात पैसा नव्हता. एक नातेवाईक म्हणाले, बचत गटातून उचलू, धान निघाल्यावर फेडू. आम्ही म्हटले, आजीने श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही अशी शपथ घेतली होती, तिची शपथ तिच्या मरणाच्या दिवशी मोडायची का? मामांचे उत्तर आले, "ते सप्पा खरं हाय रे पोरा. पन तेरवी नाही केली त लोक का म्हनतीन?"

मित्रांनो, या वाक्यात सगळे आले. मामांनी आत्म्याचे नाव काढले नाही, स्वर्गाचे काढले नाही. त्यांना यमाची भीती नव्हती, शेजाऱ्याची होती. आपल्या वस्त्यांत सत्तर वर्षांपूर्वी गेलेला धर्म मागच्या दाराने आत येतो तो या भीतीच्या खांद्यावर बसून. लग्न आपण बौद्ध पद्धतीने लावतो, बारशाला बाबासाहेबांचा फोटो ठेवतो, आणि मरण आले की हातपाय गळतात.

मरणाचा आणि आमचा संबंध काय होता, हे आजच्या पोरांना माहीत असावे. महाराच्या गावकीच्या कामांत मरणाचा सांगावा पोचवणे हे एक काम होते. गावात कोणी मेले की आमचा आजा उन्हापावसात कोसच्या कोस चालत जायचा आणि सोयऱ्यांच्या अंगणाबाहेर उभा राहून बातमी सांगायचा. सरणाची लाकडे वाहायची त्याने. मयतावरचे कापड त्याच्या हक्काचे. मेलेले ढोर ओढायचे त्यानेच. आणि तो स्वतः मेला की त्याचे स्मशान वेगळे. गावाच्या प्रत्येक मरणाला लागणारा माणूस, पण गावाच्या स्मशानात त्याला जागा नाही! मरणापुढे सगळे सारखे असतात, असे कीर्तनकार सांगतात. आमच्या आजाने ते कधी पाहिले नाही.

म्हणून 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेब जे बोलले त्याचा अर्थ नीट समजून घ्या. हिंदू म्हणून जन्माला येणे माझ्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असे ते म्हणाले. जन्माचा हिशेब त्यांनी सोडून दिला आणि मरणावर हक्क सांगितला. कोणत्या घोषणेखाली मरायचे हे मी ठरवेन, पुरोहित ठरवणार नाही. गांधीजींनी त्यावर सांगितले की धर्म म्हणजे घर किंवा अंगरखा नव्हे, मनात आले की बदलायला. त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांत, 1936 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते आमच्या सावलीला आले. गांधी सेवा संघाचे अधिवेशन इथे भरले होते. सावलीचे लोक ही आठवण अभिमानाने सांगतात, सांगोत बापडे. आमचे म्हणणे एवढेच की आमच्या आजाच्या अंगावर धर्माचा अंगरखा कधी नव्हताच. मयतावरचे उतरवलेले कापड होते. ते फेकायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

आता श्रद्धेकडे येऊ. श्रद्धेने आधार मिळतो, असे आम्हाला सांगितले जाते. पाहू, कसला आधार.

सावलीहून गडचिरोलीच्या वाटेवर वैनगंगा लागते. तिच्या काठाने खाली गेले की चामोर्शी तालुक्यात मार्कंडा आहे. दगडात कोरलेली देखणी मंदिरे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा. कोरणाऱ्या हातांना आम्ही मानतो. तिथली कथा सगळ्यांना माहीत आहे. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला ऋषीचा मुलगा, यम न्यायला आला, मुलाने पिंडीला मिठी मारली, शिवाने यमाला हाकलले. मुलगा वाचला.

दुसरी कथा किसा गोतमीची. तिचे लेकरू मेले. प्रेत कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. बुद्ध म्हणाले, ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. ती दारोदार गेली. मोहरी प्रत्येक घरात होती, मरणही प्रत्येक घरात होते. संध्याकाळी तिने लेकराला निरोप दिला.

दोन्ही कथा पोराच्या मरणाच्या. पहिल्या कथेत एक मुलगा वाचतो. मग जे वाचले नाहीत त्यांचे काय? त्यांच्या आयांची भक्ती कमी पडली? बाबासाहेब आणि रमाईची चार लेकरे गेली. 1926 मध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी मित्राला लिहिलेल्या पत्रातले दुःख आजही वाचवत नाही. रमाईचे उपासतापास काय थोडे होते? ती लेकरे गेली ती गरिबीने, औषधाला पैसा नसल्याने. पहिली कथा त्या आईला आतून दोषी ठरवते. दुसरी कथा तिला सांगते, बाई, तू एकटी नाहीस, तुझा गुन्हा नाही. आधार कोणत्या कथेत आहे, तुम्हीच ठरवा.

आणि हा दोष नेहमी आईवरच थांबतो असेही नाही. मरणाला, आजाराला कारण हवे असते. ताप, सर्पदंश, पोटातली गाठ हे कारण पटले नाही की 'कोणी केले?' हा प्रश्न येतो, आणि बोट जाते ते वस्तीतल्या दुबळ्या माणसाकडे. ऑगस्ट 2021 मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या बायामाणसांना भरचौकात बांधून मारले. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात 2013 पासून आहे. त्या कायद्यासाठी झिजलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात गोळ्या घालून खून झाला. आठ वर्षांनी पुन्हा तोच ऑगस्ट, आणि दोर आमच्या म्हाताऱ्यांच्या हातापायांना. 'श्रद्धा असू द्या हो, तिने कोणाचे काय बिघडते?' असे म्हणणाऱ्यांनी त्या चौकात जाऊन हे वाक्य म्हणून दाखवावे.

आता स्वतःच्या घरात पाहू, कारण दुसऱ्याची खोड काढणे सोपे असते.

आपल्याकडे तेरवीचे नाव बदलून पुण्यानुमोदन झाले. नाव पालीतले, पंगत तीच, कर्ज तेच. मेलेल्या माणसाला पुण्य पोचते म्हणतात. कोणाला पोचते? आत्मा नाही, हे तर धम्माचे पहिले पाऊल. घेणाराच नाही, तर पत्ता कोणाचा लिहिणार? कुठे मनगटाला दोरा बांधतात, कुठे भरलेल्या गडव्यातले पाणी घरभर शिंपडतात. पूर्वी गोमूत्र होते, आता मंतरलेले पाणी आहे. बाबासाहेबांनी 'धर्म' आणि 'धम्म' यांत फरक केला तो हौस म्हणून नाही. धर्म प्रत्येकाचा खासगी, धम्म माणसामाणसांमधला. दोन माणसे एकत्र आली की धम्म लागतो, असे ते सांगतात. मेलेल्याला कुठे पोचवायचे हा धम्माचा प्रश्नच नाही. मागे राहिलेल्यांनी एकमेकांशी कसे वागायचे, हा आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही फार कोरडे आहात. नाही. आजीच्या रक्षेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी कुडावर कावळे बसले होते. आमच्या आईने गुपचूप मूठभर भात पानावर ठेवला. आम्ही पाहिले आणि काही बोललो नाही. त्या मुठीत कर्मकांड किती आणि आठवण किती, हे मोजायला आम्ही बसलो नाही. आईच्या दुःखाशी आमचे भांडण नाही. त्या दुःखावर दुकान लावणाऱ्याशी आहे, आणि त्या दुकानाला गर्दी पुरवणाऱ्या 'लोक का म्हनतीन'शी आहे.

मग आमच्याकडे काय आहे? पुस्तक आहे आणि गाणे आहे. हसू नका, ऐका.

5 डिसेंबर 1956 ची संध्याकाळ. दिल्लीत 26, अलीपूर रोडवर बाबासाहेब थकलेले, आजारी. भेटायला आलेली मंडळी गेल्यावर ते त्रिशरण गुणगुणू लागले. नानकचंद रत्तूंना सांगून त्यांनी रेडिओग्रामवर तीच तबकडी लावून घेतली. जेवण थोडेसेच. जाता जाता कपाटातून काही पुस्तके काढून घेतली. कबीराचे एक पद गुणगुणले. कबीर त्यांच्या वडिलांच्या घरातून आलेला. मग 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेचे आणि काही पत्रांचे टंकलिखित कागद बिछान्याजवळ ठेवायला सांगितले. रात्री हात फिरवायचा होता. सकाळी ते उठले नाहीत.

यात चमत्कार शोधू नका. आपण आज जाणार हे त्यांना माहीत नव्हते, आणि मोठी गोष्ट तीच आहे. ती तयारी मरणाची नव्हती, उद्याच्या कामाची होती. मरण आले तेव्हा माणूस गाणे ऐकून, पुस्तक उशाशी घेऊन, अर्धे काम हाताशी ठेवून झोपला होता. ते पुस्तक 1957 मध्ये निघाले, आणि आमच्या निरक्षर आजीपर्यंत पोचले. तिकडे 7 डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यविधीच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखावर लोकांनी दीक्षा घेतली. जगात असे अंत्यविधी किती झाले असतील, जिथे रडणारा माणूस शपथ घेऊन घरी गेला? आजही 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेला आपला मजूर परतताना पिशवीत पुस्तके आणतो. दुसरी माणसे तीर्थाहून प्रसाद आणतात.

आजीच्या वेळी आम्ही शेवटी तेच केले. तेरावा दिवस पाळला नाही. आठव्या दिवशी, रविवार म्हणून, वस्तीतली माणसे विहारात बसली. चहा झाला. तिला आवडणारी पाने नातीने वाचली. मग बाया गायल्या, वामनदादा कर्डकांची आणि रोवण्यातली, ज्यांना कर्ता नाही अशीही. डीजे नव्हता, ढोलकी आणि खंजिरी होती. शेवटी जमेल तसा पैसा टाकून विहारातल्या कपाटासाठी स्पर्धा परीक्षेची आणि बाबासाहेबांची पुस्तके घेतली. पहिल्या पानावर आजीचे नाव लिहिले, जिला ते नाव स्वतःला कधी लिहिता आले नाही.

हे फुकट झाले असे समजू नका. दोन सोयरे उठून गेले. मामा अजून बोलत नाहीत. त्यांचे आम्हाला वाईट वाटते आणि आम्ही त्यांच्या दारी पुन्हा जाणार आहोत. पण घरावर कर्ज नाही, आणि धान आमच्याच घरी आले.

म्हणून तरुण मित्रांनो, एक काम करा. मयताच्या अंगणात वाद घालू नका, तिथे रडणाऱ्याचा आवाज मोठा असतो आणि असायलाच हवा. वाद आज घाला, सगळे जिवंत असताना. आपल्या आईबापांना जेवताना विचारा, तुमच्या मागे काय करायचे, काय करायचे नाही. त्यांच्याच तोंडून वदवून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. वस्तीच्या बैठकीत ठराव करा की मरणावर कोणी कर्ज काढणार नाही, आणि न करणाऱ्याला कोणी नावे ठेवणार नाही. 'लोक का म्हनतीन' मधले लोक म्हणजे आपणच आहोत. आपण बोलणे बदलले की लोक बदलले.

आणि ओसरीवरच्या त्या भल्या माणसाला आमचे सांगणे, भाऊ, आमची काळजी करू नका. मेल्यावर आमचे काही होणार नाही. तुमच्या पोरांना विहारातल्या कपाटातली पुस्तके लागली तर पाठवा. कुलूप नाही.

जय भीम!