यंत्र आणण्याआधी जमीन ठोकून पाहा



घरची तूर भरडून डाळ विकावी, म्हणून पुष्कळ जण लहान डाळ मिल घेतात. यंत्र पारखून घेतात; पण बसवतात मात्र जुन्या कोठीच्या कोब्यावर. एका घरी पंधरवड्यातच यंत्राचा पाय खचला आणि पट्टा उडाला. जवळ कोणी नव्हते म्हणून निभावले. कोबा फोडला, तर खाली घुशींचे हातभर बीळ!

समजा, यंत्र ४०० किलोचे आहे. एकेका पायावर १०० किलो भार येतो. उभे असताना कोबा तो सोसतो; पण यंत्र दिवसभर थरथरते आणि खालची सैल माती दबत जाते. काळी माती तर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून वरची गुळगुळीत जमीन पाहून भुलू नका.

आधी पहारीने हात-हात अंतरावर ठोका. पोकळ आवाज आला किंवा तडे दिसले, तर ती जागा कच्ची समजा. एका कोपऱ्यात कोबा फोडून जाडी पाहा. दोन-तीन इंचांचाच असेल, तर यंत्रासाठी वेगळा ओटा करा.

भिंतीपासून दोन-तीन फूट लांब, दीड फूट खोल खड्डा घ्या. खाली काळी माती लागली तर ती काढा. पण भिंतीच्या पायापेक्षा खोल जाऊ नका. मुरूम थराथराने, पाणी शिंपडून धुमसा. त्यावर सिमेंट १, वाळू २, खडी ४ या प्रमाणाचे एक फूट जाड काँक्रीट घाला. बोल्ट यंत्राच्या मापानेच बसवा. चार फूट लांब, तीन फूट रुंद ओट्याचे वजन सुमारे ८०० किलो भरते, यंत्राच्या दुप्पट! जुना कोबा व ओटा यांत बोटभर फट ठेवून वाळू भरा, म्हणजे हादरा भिंतीपर्यंत कमी पोहोचेल. चौदा दिवस पाणी मारा आणि चार आठवड्यांनीच यंत्र सुरू करा.

माडीच्या स्लॅबवर मात्र स्वतःच्या अंदाजाने यंत्र किंवा पोत्यांची थप्पी चढवू नका. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. पन्नास किलोच्या दहा पोत्यांची थप्पी अर्ध्या चौरस मीटरवर ५०० किलो टाकते. तिथे इंजिनिअरलाच विचारा.

ओट्याला दोन-अडीच पोती सिमेंट लागते. कर्जाच्या यंत्रापुढे आणि घरच्या माणसांच्या जिवापुढे हा खर्च मोठा नाही.