ऐंशी टक्के सूट, पण कशावर?

पावसाळा संपून दसरा जवळ आला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पुरुषांच्या कपड्यांच्या व बुटांच्या दुकानांवर एकच पाटी झळकू लागते : '८० टक्क्यांपर्यंत सूट'. त्यातला 'पर्यंत' हा शब्द इतका बारीक असतो की तो वाचायला चष्मा लागावा. आत गेल्यावर कळते की ८० टक्के सूट आहे ती कोपऱ्यातल्या टोपलीतील गेल्या वर्षीच्या टी-शर्टांवर. आपण ज्या शर्टासाठी आलो त्यावर २० टक्के. तरी माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही. लोकल बदलून, रिक्षाचे पैसे देऊन आलेला असतो, काहीतरी घेतोच. दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते.

सुटीचा हिशेबही सरळ नसतो. '५० अधिक ४० टक्के' वाचून आपण मनात ९० टक्के धरतो. प्रत्यक्षात हजाराच्या शर्टाचे आधी पाचशे होतात, त्या पाचशेतून दोनशे वजा होतात आणि हातात बिल येते तीनशेचे. म्हणजे सूट ७० टक्के. 'दोन घ्या, एक मोफत' म्हणजे तेहतीस टक्के, आणि तीही गरज एकाची असताना तीन घेतल्यावर. मुळात सूट मोजली जाते छापील किमतीवर. त्या किमतीपेक्षा जास्त घ्यायचे नाही, एवढेच कायदा सांगतो. शर्टावर किती छापावी, हे छापणाऱ्याच्या हातात आहे. बाराशेचा माल अठ्ठावीसशे छापून चौदाशेला विकला, तर सूट दिली असे कसे म्हणायचे? म्हणून आमचे म्हणणे असे की टक्के विसरून जावे आणि नग हातात घेऊन विचारावे, पाटी नसती तर याचे आपण किती दिले असते?

दुसरी गोष्ट हंगामाची. मोठ्या कंपन्यांचे वेळापत्रक थंडीच्या मुलखाचे आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांचा 'शरद-हिवाळी' माल येतो : जाड जॅकेट, पूर्ण बाह्यांचे स्वेटशर्ट, घोट्यावर चढणारे बूट. दिल्ली-लखनौला ते ठीक. आपल्या उपनगरांत ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळा, पारा ३३ ते ३५ अंशांवर, आणि विरार फास्टमध्ये जॅकेट घालून उभे राहणाऱ्याची कीवच करावी. याचा फायदा मात्र आपल्याला घेता येतो. कंपन्या उन्हाळी माल जुलै-ऑगस्टच्या सेलमध्ये काढून टाकतात, आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईकराला नेमका तोच लागतो : सुती अर्ध्या बाह्यांचे शर्ट, पातळ पँट. पावसात खरेदी करून कपाटात ठेवली तर दसऱ्याला नव्या मालाचा भाव मोजावा लागत नाही. जॅकेट हवेच असेल, गावी किंवा महाबळेश्वरला जायचे असेल, तर जानेवारीपर्यंत थांबावे. डिसेंबरअखेर सुरू होणाऱ्या सेलमध्ये तेच जॅकेट बरेच खाली येते.

करातही आता फरक पडला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांच्या नगावर आणि बुटांच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरील मालावर १८ टक्के. यापूर्वी हजारावरच्या कपड्याला १२ आणि बुटाला १८ टक्के होता. म्हणजे करासह २४०० ला मिळणारा बूट, मूळ भाव तोच राहिला तर, सुमारे २१३५ ला मिळायला हवा; भारी जॅकेट मात्र महागले. दुकानदाराने ही घट खाली उतरवली की नाही, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. आणि 'सूट दिली, आता वर जीएसटी द्या' असे कोणी म्हणाले तर मान्य करू नये. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. सुटीच्या किमतीवर वेगळा कर आकारणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये एका प्रकरणात म्हटले आहे. तो कर तेव्हाचा व्हॅट होता, पण मुद्दा तोच.

आमच्या बहुतेक वाचकांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. २००५ साली दिवाळी व रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या आणि बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ३१ मार्चला झाली. सध्या दिवाळीच्या गर्दीत कपडे घेण्याची आपल्यावर सक्ती नाही. भाऊबीज उलटली की उरलेला माल घेऊन बसलेला दुकानदार बोलायला तयार असतो. कार्यालयाचे शर्ट, मुलाच्या कॉलेजच्या पँट घ्यायच्या त्या त्या आठवड्यात घ्याव्यात; ईदचे कपडे निराळे.

कुठे घ्यायचे? घाटकोपरच्या आर सिटीत किंवा अंधेरीच्या इन्फिनिटीत गारवा आहे, कपडे घालून पाहायला खोली आहे, आणि त्या गारव्याचे भाडे शर्टात धरलेले आहे. उपनगरांतला माणूस विसरतो की माल बनतो तो त्याच्याच शेजारी. साकीनाक्याच्या खैरानी रोडच्या गाळ्यांत कपडे शिवले जातात, ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला-बूट बनतात, धारावीत चामड्याचे काम चालते, उल्हासनगरात जीन्स, भिवंडीत कापड. बिहार-उत्तर प्रदेश-बंगालचे कारागीर नगावर मजुरी घेऊन रात्री उशिरापर्यंत मशीनवर बसतात. त्यांत आपले लोकही पुष्कळ आहेत. कारखान्याजवळच्या दुकानात भाव साहजिकच कमी असतो.

मात्र तिथली भाषा समजली पाहिजे. 'कट साइझ' म्हणजे माल चांगला, पण सगळी मापे शिल्लक नाहीत. अंगाला बसला तर डोळे मिटून घ्यावा. 'एक्स्पोर्ट सरप्लस' म्हणजे निर्यातीच्या ऑर्डरीतून उरलेला, बहुधा बरा. पण आजकाल प्रत्येक गाडीवरचा माल सरप्लसच असतो, तेव्हा शिवण उलटी करून पाहावी. 'सेकंड' म्हणजे दोष असलेला. दोष कुठे आहे हे विक्रेत्याने दाखवले तर व्यवहार स्वच्छ. 'फर्स्ट कॉपी' म्हणजे सरळ बनावट. ती विकणे ट्रेड मार्क कायद्याखाली गुन्हा आहे, तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि आमच्या ओळखीतले काही तरुण पदपथावर तोच धंदा करतात हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही.

ठोक दुकानदार एक शर्ट देत नाही, सेट देतो. एका सेटमध्ये एकाच रंगाचे मध्यम, मोठे, त्याहून मोठे असे तीन-चार नग. एका इमारतीतल्या चार घरांनी मिळून सेट घेतला तर ठोक भाव मिळू शकतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घरगुती मालाची एकत्र खरेदी याच तत्त्वावर करीत आली आहे. कपड्यात मापांची अडचण येते खरी, पण मोजे, बनियन, शाळेचे बूट यांत मुळीच येत नाही.

शिंप्यालाही विसरू नये. ५८ इंची पन्ह्याचे १.६० मीटर कापड शर्टाला पुरते, ३६ इंची पन्ह्याचे सव्वादोन मीटर लागते. पँटला ५८ इंचीचे १.२० ते १.३० मीटर. शिलाई महाग झाली आहे, त्यामुळे शर्ट आता तयारच परवडतो असे आमचे मत. पँट मात्र शिवलेली बरी. पोट वाढले तर शिंपी कमरेतली शिवण उसवून देतो, तयार पँटमध्ये उसवायला कापडच ठेवलेले नसते.

बुटांची गोष्ट कपड्यांसारखी नाही. शर्ट आखूड झाला तर धाकटा भाऊ वापरतो. बूट फसला तर पैसेही जातात आणि पायही. आमचाच अनुभव सांगतो. गेल्या हंगामात एका दुकानातून ७० टक्के सुटीत काळे बूट घेतले. हलके, मऊ, नवे कोरे. तिसऱ्या आठवड्यात घाटकोपर स्थानकाच्या पुलावर डाव्या बुटाचा सोल भिजल्या पावासारखा तुटून पडला, आणि उरलेला पूल आम्ही फरफटत उतरलो. मोच्याने बोटाने सोल कुस्करून दाखवला. हा पीयूचा सोल. दमट हवेत हे रसायन आपोआप विरत जाते, बूट पायात घातलेला नसला तरीही. घरी खोके पाहिले तर उत्पादनाचा महिना साडेतीन वर्षांपूर्वीचा. आमच्या किनाऱ्यावरच्या हवेत तीन-चार पावसाळे गोदामात काढलेल्या बुटाला ७० टक्के सूट का मिळते, हे तेव्हा उमगले. बूट घेताना खोक्यावरचा महिना-वर्ष किमतीच्या आधी वाचावे.

चामड्याचेही तसेच. मार्च २०१५ मध्ये गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही महाराष्ट्रात बंदी आली, तेव्हापासून धारावीच्या धंद्याला कच्चा माल मिळणे अवघड झाले. म्हशीचे किंवा चेन्नई-कानपूरकडून आलेले चामडे वापरले जाते, आणि त्याच्या जोडीला रेक्झिन. रेक्झिन वाईट नाही; ते चामड्याच्या भावाने विकणे वाईट. कापलेली कड पाहावी : चामड्याला तंतू दिसतात, रेक्झिनखाली कापड दिसते. युरोपकडे जाणाऱ्या बुटांवर छोटी चित्रे छापलेली असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे, साधी चौकट म्हणजे इतर काही. सोल नुसता चिकटवलेला आहे की शिवलेला, हेही कडेने पाहता येते. शिवलेला असेल तर मोची पुन्हा सोल बसवून देतो आणि जोड आणखी दोन-तीन वर्षे चालतो. अशा बुटाचे दोनशे-तीनशे जास्त द्यावेत, घासाघीस करू नये. आणि खरेदी संध्याकाळी करावी, दिवसभराच्या चालण्याने पाय सुजलेले असताना.

आता त्या फुटक्या बुटाचे पुढे काय झाले? दुकानदाराने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आमच्याकडे बिल नव्हते. चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता आणि बिल मागितले नाही कारण थोडे पैसे सुटले होते. चूक आमचीही होती. परंतु कायदा त्या पाटीला जुमानत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीदेखील त्याच यादीत आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार सांगता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. लक्षात ठेवावे की हा हक्क सदोष मालाचा आहे. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, यासाठी कायदा नाही. ती दुकानदाराची मर्जी.

आमच्या दुकानदार बांधवांशी आमचे खरे भांडण इथे आहे. गल्लीतला माल मॉलपेक्षा स्वस्त, कित्येकदा सरस. तरी तरुण गिऱ्हाईक मॉलमध्ये नाहीतर मोबाइलवर जाते, कारण तिथे बिल मिळते आणि माप चुकले तर बदलून मिळते. दुकानदार म्हणतात, बिल दिले की जीएसटीवाले मागे लागतात. पण मालाच्या व्यापारात वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला सहसा नोंदणीच करावी लागत नाही. ते साधे बिल देऊ शकते. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना आहे, उलाढालीवर एक टक्का भरावा आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा कर न घेता बिल द्यावे. म्हणजे भीती कराची कमी आणि सवयीची जास्त. दुसरी तक्रार अशी की लोक शर्ट लग्नात घालून चौथ्या दिवशी परत आणतात. आणतात, हे आम्ही नाकारत नाही. त्यावर उपाय म्हणजे लेबल काढलेला नग बदलणार नाही, असे बिलावर छापणे. मॉलवालेही तेच छापतात.

घाटकोपर पश्चिमेला आमच्या परिचयाच्या एका छोट्या दुकानदाराने दोन वर्षांपूर्वी जुनी पाटी उतरवली आणि बिलावर शिक्का मारायला सुरुवात केली : 'लेबलासह १५ दिवसांत बदलून मिळेल.' आम्ही विचारले, नुकसान किती झाले? तो म्हणाला, बदलायला येतात ते बहुतेक माप बदलून नेतात, आणि येतानाच भावाला नाहीतर मेहुण्याला बरोबर आणतात. सेलची पाटी त्याने लावलेली नाही. शर्टावर एकच भाव लिहिलेला असतो आणि भाऊबीजेनंतर तो पेनाने खोडून त्याखाली दुसरा लिहितो.