आधी गिधाडावर तपासा, मग गोठ्यात जाऊ द्या

मा. औषध महानियंत्रक, भारत सरकार,


मेलेला बैल शिवाराबाहेर ओढून टाकला की गिधाडांचा थवा उतरायचा आणि बघता बघता हाडे मोकळी व्हायची. पुढे थवेच उतरेनासे झाले. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली.

कारण आपल्या कार्यालयाला ठाऊक आहे. आजारी गुराला टोचलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मढ्यात उरते. ते पोटात गेले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, काळजा-यकृतावर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो आणि काही दिवसांत पक्षी मरतो. शंभर मढ्यांमागे एकाहूनही कमी मढे असे विषारी असले, तरी एवढा संहार होऊ शकतो, असा अभ्यासकांचा हिशोब आहे. कारण एका मढ्यावर सगळा थवा बसतो, आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. गिधाडे संपल्यावर पडून राहिलेली मढी भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला गेली, पाण्यात कुजली. फ्रँक आणि सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या 2024 च्या अभ्यासानुसार 2000 ते 2005 या काळात त्यापायी देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची दगावली.

2006 साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, तेव्हा हायसे वाटले होते. पण त्याची जागा केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकने घेतली. केटोप्रोफेन गिधाडांना मारते, हे 2010 पर्यंत सिद्ध झाले होते. बांगलादेशाने ते 2021 मध्ये थांबवले, आपण 2023 मध्ये. असेक्लोफिनॅकचे तर गुराच्या अंगात डायक्लोफिनॅकच होते! एवढी वर्षे कोणाची वाट पाहिली?

पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. हा पक्षी अभयारण्याच्या हद्दीत राहत नाही. शेकडो किलोमीटर भटकतो आणि मिळेल त्या गावच्या मढ्यावर उतरतो. त्या गुराला शेवटचे इंजेक्शन कोणते दिले, यावर त्याचे जगणे अवलंबून असते.

म्हणून मागणी एकच. गुरांसाठीच्या कोणत्याही नव्या वेदनाशामकाला, गिधाडांवरची सुरक्षितता चाचणी पार पडल्याशिवाय परवाना देऊ नका, आणि आज विकली जाणारी न तपासलेली औषधे चाचणी होईपर्यंत थांबवा. शेतकऱ्याची अडचण होणार नाही. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक आम्ल या चाचण्यांत सुरक्षित ठरली आहेत आणि बाजारात मिळतात. हा नियम लेखी स्वरूपात कधी काढणार, तेवढे जाहीरपणे कळवावे.

आपला,
एक पक्षीप्रेमी नागरिक