पेटीतून आलेली मोटरसायकल

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या वायव्येस, मेरिसव्हिल नावाचे एक गाव आहे. होंडा कंपनीने 1979 साली येथे मोटरसायकलींचा कारखाना काढला, त्यानंतर तीन वर्षांनी मोटारींचा. आणि 2009 साली मोटरसायकलींचे काम थांबेपर्यंत ‘गोल्ड विंग’ ही अवाढव्य दुचाकी याच गावातून जगभर जात असे. अशा या होंडाच्या मुलखात राहून मी होंडाच्याच एका छोट्या गाडीची चिनी नक्कल बाळगतो, ही गोष्ट माझ्या शेजाऱ्यांपैकी कित्येकांना विनोदाची आणि उरलेल्यांना किंचित अप्रशस्त वाटते. आमच्या आळीतील एक सद्गृहस्थ त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. ते येता-जाता गाडीकडे पाहतात, काही बोलत नाहीत, आणि त्यांचे ते न बोलणे मला पुरेसे समजते.

मूळ गाडी ‘ग्रोम’. बारा इंची चाकांची, सव्वाशे सीसीची ही बुटकी मोटरसायकल होंडाने 2013 साली बाजारात आणली, आणि थोड्याच काळात तिच्या हुबेहूब प्रतिकृती चीनमधून निम्म्याहूनही कमी किमतीत येऊ लागल्या. त्या लोखंडी चौकटीच्या पेटीत, पुठ्ठ्याच्या आवरणात, अर्धवट जुळविलेल्या स्थितीत घरपोच येतात. पुढचे चाक, हँडल, आरसे आणि बॅटरी ज्याची त्याने बसवून घ्यावी असा शिरस्ता आहे. सोबत कागदाचा एक ताव असतो, तो मात्र जपून ठेवावा लागतो, कारण तो उत्पादकाचा मूळ दाखला होय. ओहायोत वाहनाच्या मालकीहक्काचा दस्तऐवज मोटार खात्याकडून मिळत नाही, तर काउंटीच्या न्यायालयीन दफ्तराकडून मिळतो. म्हणजे सव्वाशे सीसीच्या गाडीसाठीही मनुष्यास कोर्टाच्या कारकुनापुढे उभे राहून रुजुवात करून घ्यावी लागते, आणि नंबरप्लेट त्यानंतर दुसऱ्या कचेरीतून आणावी लागते. चासीवरील सतरा अक्षरांचा क्रमांक ‘एल’ने सुरू झाला की गाडी चीनची, आणि ‘एम’ने झाला तर कदाचित आपल्याकडची, हे तेथील कारकुनांना पाठ झालेले आहे.

इंजिनाच्या खालच्या अंगास कोरलेला मजकूर याहून अधिक बोलका असतो. माझ्या गाडीवर ‘1पी52एफएमआय’ असे आहे. यातील पहिला आकडा सिलिंडर एकच असल्याचे सांगतो, बावन्न हा सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास, ‘एफ’ म्हणजे वाऱ्याने थंड होणारे, ‘एम’ म्हणजे मोटरसायकलीचे, आणि शेवटचा ‘आय’ म्हणजे सव्वाशेच्या वर्गातले. व्यास नेमका 52.4 आणि पिस्टनची चाल 55.5 मिलिमीटर, गुणाकार केला तर 119.7 सीसी भरतात. सव्वाशे म्हणून विकलेल्या जिनसात पाच सीसींची ही तूट पाहून पहिल्यांदा संताप येतो, परंतु आमच्या पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानी मापाविषयी जी उदार दृष्टी असे तिची आठवण होऊन तो लवकर शमतो.

हे इंजिन ज्या कुळातले आहे ते कूळ मोठे आहे. होंडाने 1958 साली ‘सुपर कब’ काढली; सोबा शेवयांचे जेवण पोचविणाऱ्या पोऱ्याला ती एका हाताने चालविता आली पाहिजे, अशी कंपनीचा व्यवहार पाहणाऱ्या फुजिसावा यांची अट होती असे सांगतात. तिचे सिलिंडर जवळजवळ आडवे निजविलेले होते, आणि साठोत्तर दशकाच्या मध्यास कॅमशाफ्ट डोक्यावर गेल्यानंतर त्या आडव्या इंजिनाने जे रूप घेतले ते मूलतः आजतागायत टिकले आहे. 2017 साली सुपर कबचा दहा कोटींचा आकडा पुरा झाला. महाराष्ट्रातील वाचकांस हे इंजिन अपरिचित नाही. ज्या हीरो होंडाच्या सीडी 100 वर आणि पुढे स्प्लेंडरवर आपल्याकडील विमा एजंटांनी, दूधवाल्यांनी आणि प्राथमिक शिक्षकांनी तालुकेच्या तालुके पालथे घातले, तिचे आडवे इंजिन याच घराण्यातले. तेव्हा ‘चिनी माल’ म्हणून नाक मुरडणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की आराखडा चिनी नाही आणि वाईट तर मुळीच नाही. वाईट असलेच तर त्याच्या अवतीभवतीचे असते: बोल्टचे लोखंड, रबराची जात, आणि बेअरिंगमध्ये घालावयाचे, पण पुरेसे न घातलेले ग्रीस.

असे का व्हावे, याचे उत्तर चुंगकिंगमध्ये आहे. जपानशी झालेल्या युद्धात चीनची राजधानी त्या डोंगराळ शहरात हलली व तिच्यामागून शस्त्रास्त्रांचे कारखानेही तेथे आले. पुढे 1979 च्या सुमारास लष्करी कारखान्यांस नागरी उपयोगाचे काही करा असा हुकूम झाला तेव्हा चियालिंग नावाच्या अशाच एका कारखान्याने मोटरसायकली बनविण्यास आरंभ केला आणि लवकरच होंडाशी करार केला. सरकारी कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे लहान लहान उद्योग भोवताली वाढले, आणि त्यांच्या जिवावर 1992 साली यिन मिंगशान यांच्यासारखा मनुष्य, ज्याने ऐन तारुण्यात राजकीय आरोपाखाली तुरुंगवास भोगला होता व नंतर पुस्तके छापण्या-विकण्याचा धंदा केला होता, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी इंजिने जुळविण्याच्या उद्योगात शिरू शकला. ‘लिफान’ ही त्यांचीच कंपनी. होंडाचे इंजिन हा येथे एक प्रकारचा सार्वजनिक नमुना ठरला. कोणी फक्त कार्बोरेटर करतो, कोणी फक्त क्लचच्या प्लेटा, कोणी फक्त चौकट. सर्वांची मापे एकमेकांस जुळतात, आणि जुळणी करणारा ज्याचा भाव कमी त्याचा भाग घेतो. या रचनेत किंमत झपाट्याने उतरते यात नवल नाही. परंतु सगळ्या भागांची एकत्रित जबाबदारी घेणारा कोणी उरत नाही.

मला जे म्हणावयाचे आहे ते एवढेच, की या गाडीच्या किमतीतून जी रक्कम वगळलेली असते ती बहुतांशी शेवटच्या तपासनिसाच्या पगाराची. मेरिसव्हिलच्या कारखान्यात जो मनुष्य एकेक बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळून त्यावर रंगाची खूण करीत असेल, त्याची जागा येथे रिकामी ठेवून ती पेटीबरोबर गिऱ्हाइकाच्या अंगणात पाठवून दिलेली आहे. ज्याला ती नोकरी पत्करावयाची नसेल त्याने ही गाडी घेऊ नये, आणि घेतल्यावर कुरकुर करू नये.

ही नोकरी रंजक आहे. पहिल्यांदा कारखान्यातून आलेले तेल काढून टाकावयाचे. इंजिन गरम असताना खालची डाट काढली म्हणजे जे तेल ओघळते त्यात उन्हाने चमकणारी बारीक रुपेरी भुकटी दिसते, आणि या इंजिनास कागदी फिल्टर नसून केवळ एक जाळी व क्लचजवळची एक फिरती वाटी असल्यामुळे ती भुकटी बाहेर काढण्याचा खरा उपाय लवकर लवकर तेल बदलणे हाच होय. मग प्रत्येक बोल्ट सोडवून, आटे पुसून, निळे थ्रेडलॉकर लावून पुन्हा आवळावयाचा. पुढच्या चाकाचा आस काढून ग्रीस भरावयाचे. चेन फेकून द्यावी हेच बरे. ती पहिल्या काही आठवड्यांतच इतकी ताणते की मागचे अ‍ॅडजस्टर पुरेनासे होतात.

टॅपेट बसविण्याचे काम मला सर्वांत प्रिय आहे. डाव्या बाजूच्या झाकणातील दोन बुचे काढून फ्लायव्हील घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवीत ‘टी’ची खूण खाचेसमोर आणावयाची, दोन्ही रॉकर सैल लागतात की नाही हे बोटाने चाचपावयाचे, लागले नाहीत तर आणखी एक पूर्ण फेरा द्यावयाचा, आणि मग 0.05 मिलिमीटरची पट्टी फटीत सरकवावयाची. आपण हा मजकूर ज्या कागदावर वाचीत आहात त्याच्या जाडीहूनही हे अंतर थोडे कमीच. पट्टी ओढताना हाताला जो किंचित अटकाव जाणवला पाहिजे तो शब्दांनी सांगता येत नाही, पण एकदा कळला की विसरत नाही. नवीन इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत बसत जातात तशी ही फट मिटत जाते, आणि ती पुरती मिटली की गरम इंजिनाची दाब धरण्याची ताकद जाते व भर रस्त्यात किका मारून मनुष्य घामाघूम होतो.

सुधारणांपैकी जिची शिफारस मी निःशंकपणे करीन ती पुढच्या स्प्रॉकेटची. मूळचे पंधरा दातांचे काढून सोळा दातांचे घातले की प्रमाण साडेसहा टक्क्यांहून थोडे अधिक बदलते. उठावात जे जाते ते फारसे जाणवत नाही, आणि मक्याच्या शेतांमधून जाणाऱ्या सरळसोट काउंटी रस्त्यांवर इंजिनाचा आक्रोश स्पष्टपणे कमी होतो. आणखी दात वाढविण्याचा मोह होतो, पण ओहायोत वारा समोरून येतो तेव्हा या गाडीला चौथा गिअर झेपत नाही, ही हकीकत मोह आवरण्यास पुरेशी आहे. कर्णकर्कश सायलेन्सर बसविणाऱ्यांविषयी मी येथे काही लिहीत नाही.

कार्बोरेटरचा प्रश्न नाजूक आहे. धुराच्या नियमांत बसावे म्हणून कारखान्यात पेट्रोलाचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेले असते आणि ते बदलण्याचा स्क्रू धातूच्या टोपणाने बंद केलेला असतो. बहुतेक मालक ते टोपण ड्रिलने फोडून मोठा जेट घालतात. अमेरिकेच्या हवाशुद्धीच्या कायद्याने रस्त्यावरील वाहनात असे करण्यास मनाई आहे, आणि ज्या हवेत माझी नातवंडे खेळतात तिच्याविषयीचा कायदा मला जाचक वाटत नाही, म्हणून मी ते टोपण तसेच राहू दिले आहे. अ‍ॅक्सिलरेटर पिळताच इंजिन अडखळे, हे खरे. प्लग काढून पाहिला तर चिनी माती पांढरी फटफटीत, म्हणजे पेट्रोल कमी वा हवा अधिक. पुण्याच्या कोणत्याही मेकॅनिकने दोन मिनिटांत ‘गाडी हवा घेते’ असे निदान केले असते. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर व डोके यांमधल्या रबरी जोडावर साफ करण्याच्या द्रवाची बारीक फवार मारली, तो इंजिनाचा आवाज एकदम चढला. जोडाला खालच्या बाजूस केसाएवढी चीर होती. नवा जोड व नवे पॅकिंग बसविल्यावर प्लगचा रंग तपकिरी आला. जेट मोठा केला असता तर दोष झाकला गेला असता आणि चीर वाढतच राहिली असती.

स्वस्ताईच्या या व्यवहाराला मर्यादा आहे, हे व्हिएतनामने पाहिले. सन 2000 च्या सुमारास तेथे चिनी गाड्यांचा असा लोंढा आला की होंडाचे पाय उखडतात असे वाटले. पण ज्याला रोज गाडीवर पोट भरावयाचे त्याला अंगणात तपासनिसाची नोकरी करण्यास फुरसत नसते. होंडाने 2002 साली ‘वेव्ह अल्फा’ ही बरीच स्वस्त गाडी काढून बाजार परत मिळविला. तत्पूर्वी 2001 सालीच तिने आपल्या गाड्यांच्या नकला करणाऱ्या एका चिनी कंपनीस चीनमध्ये चक्क भागीदार करून घेतले होते. आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांस मी हे सांगितले, तेव्हा ते पहिल्यांदाच गाडीजवळ आले, वाकून इंजिनाची ओतीव बघितली, आणि मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर फार कडक दिसतो एवढेच म्हणाले.

तो कडक आहेच. नवा मागविला आहे, येऊनही पडला आहे. पण त्याच्या डोळ्यातील बुशाचे भोक दहा मिलिमीटरचे आणि चौकटीचा बोल्ट बाराचा. त्या गृहस्थांकडे रीमर आहे म्हणतात. येत्या शनिवारी ते घेऊन येणार आहेत.