काय पाडायचं, हे गुत्तेदाराला विचारू नये

ताडकळसमध्ये किंवा पूर्णा तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात जुनं घर नीट करायचं ठरलं, की पहिला सल्ला मिळतो तो असा: सगळं काम एकाच्या अंगावर द्या. नकाशा त्याचा, सिमेंट-गज त्याचे, मजूर त्याचे; दिवाळीच्या आत चावी तुमच्या हातात. पूर्वी असं काम ओळखीचा गुत्तेदार घ्यायचा. आता ‘डिझाइन अँड बिल्ड’ अशी पाटी लावलेल्या कंपन्या मोबाइलवर थ्रीडी चित्रं दाखवून तेच काम स्क्वेअर फुटाच्या भावाने घेतात. सल्ल्याचा उरलेला अर्धा भाग असा, की वेगळा आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर लावणं ही शहरातल्या पैसेवाल्यांची चैन आहे. मला हे दोन्ही भाग अमान्य आहेत. तरी समोरच्या बाजूचं म्हणणं पोकळ नाही, म्हणून ते आधी पुरतं मांडतो.

पहिलं म्हणणं जबाबदारीचं. नकाशा काढणारा वेगळा आणि बांधणारा वेगळा असला, की भिंतीला भेग पडल्यावर इंजिनिअर मिस्त्रीकडे बोट दाखवतो, मिस्त्री नकाशाकडे, आणि मालक दोघांच्या मध्ये. दुसरं किमतीचं: एकरकमी उक्ता भाव ठरला, की डोक्याला ताप नाही. तिसरं परंपरेचं: आपले वाडे कुठल्या आर्किटेक्टने काढले होते? सुतार आणि गवंडी हेच कल्पक, तेच कारागीर. चौथं सगळ्यात खरं: पोरं पुण्याला नोकरीला, गावात म्हातारे आई-वडील, रोज उन्हात उभं राहून काम पाहणार कोण? शिवाय शेवटचा ठोसा असा, की खुद्द सरकार आता मोठी कामं आराखड्यासकट एकाच कंपनीला देतं. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग तसाच झाला.

किमतीपासून सुरुवात करू. नव्या घराचा उक्ता भाव काढता येतो, कारण कोऱ्या जागेवर काय लागणार ते मोजता येतं. माळवदाच्या जुन्या घराचं तसं नसतं. तिथे दोन-अडीच फूट जाडीची भिंत असते; आतून-बाहेरून दगडाचे दोन पापुद्रे, मधे खडी आणि माती. वर तुळया, किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक वाळवीने खाल्लंय का, दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटलेत का, हे गिलावा खरवडल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मग न पाहिलेल्या कामाचा पक्का भाव कुणी सांगत असेल, तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एकतर त्याने अज्ञाताची किंमत आधीच भावात घालून ठेवली आहे, नाहीतर भिंत उघडल्यावर ‘हे एक्स्ट्रा’ म्हणायची त्याची तयारी आहे. पहिल्या प्रकारात न निघालेल्या दोषाचे पैसे मालक भरतो. दुसऱ्या प्रकारात अर्धं घर उघडं पडलेलं असताना घासाघीस करावी लागते, म्हणजे मालकाची बाजू सगळ्यात लंगडी असते तेव्हा.

आता जबाबदारी. एकाच घरात आराखडा आणि बांधकाम असलं, की भांडण होत नाही हे खरं. चूक होत नाही असं मात्र नाही. ती सांगायला कुणी उरत नाही. भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं, की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढू नयेत. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीटला किमान दहा दिवस ओलं ठेवावं. परभणीच्या मे महिन्यात तर हा नियम जपायलाच हवा. पण सेंट्रिंगच्या फळ्या दुसऱ्या साइटवर हव्या असतात, टँकरचं पाणी विकत असतं. सहाव्या दिवशी टेकू निघाले, चौथ्या दिवशी पाणी बंद झालं, हे मालकाला कोण सांगणार? ज्याच्या फळ्या अडकल्या आहेत तो? दोघांत बोटं दाखवली जातात हा दोष आहे खरा. त्यावर कोणत्या टप्प्याला कोण जबाबदार हे आधी कागदावर लिहिणं हा उपाय आहे. तपासणाराच नसणं याला उपाय नाही.

परंपरेचा दाखला अभिमानाने दिला जातो, आणि अर्धाच दिला जातो. जुना सुतार घर कल्पायचाही आणि उभं करायचाही, मान्य. पण सागवान मालकाचं असायचं, दगड मालकाने आणलेला असायचा. सुताराला मिळायची ती त्याच्या हातांची मजुरी. चार तुळया जास्त लागल्या म्हणून त्याच्या पदरात जादा काही पडत नसे. शिवाय तो गावातच राहायचा. माळवद गळलं, तर पहिल्या पावसातच त्याच्या दारात जाता यायचं. आजची कंपनी सिमेंट, टाइल्स, प्लाय, नळ या प्रत्येकात कमावते. तिला जुन्या मिस्त्रीचा वारस म्हणणं हा त्या मिस्त्रीवर अन्याय आहे. केरळात लॉरी बेकर यांनीही स्वतःच आराखडा केला आणि स्वतःच्या गवंड्यांकडून बांधून घेतलं, असा आणखी एक दाखला निघतो. पण बेकर मालकाला साहित्य कमी कसं लागेल ते शिकवत होते; विटांमध्ये पोकळी ठेवून भिंत रचायची, म्हणजे विटाही वाचतात आणि खोलीही थंड राहते, हे त्यांचं तंत्र. एका माणसाने दोन्ही कामं करण्याला माझा आक्षेप नाही. माल जास्त खपला की सल्ला देणाऱ्याचा खिसा फुगतो, त्याला आहे.

सरकारी दाखला तर उलट्या बाजूने साक्ष देतो. समृद्धीसारख्या कामांत आराखडा आणि बांधकाम एका कंपनीकडे असतं, पण त्या कंपनीवर प्राधिकरणाने नेमलेला वेगळा अभियंता असतो. त्याने तपासून सही केल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. हजारो कोटींच्या कामात सरकारला जो बाहेरचा डोळा लागतो, तो दहा लाखांची आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्या शेतकऱ्याला चैन कसा ठरतो?

आणि कायद्याचा आधार? रेरा कायद्याच्या तिसऱ्या कलमात विक्रीशी संबंध नसलेल्या दुरुस्तीला आणि नूतनीकरणाला नोंदणीतून वगळलं आहे. म्हणजे बिल्डरचा फ्लॅट घेणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते ताडकळसमधल्या घराच्या दुरुस्तीला नाही. ग्राहक संरक्षण कायदा आहे, पण तिथे वाद मांडायचा तर मोजमाप, दर आणि दोष यांचा कागद लागतो. तो कागद तयार कोण करणार, जर सगळे कागद त्याच कंपनीचे असतील?

आता माझं म्हणणं. दुरुस्तीच्या कामात पहिला प्रश्न ‘काय बांधायचं’ हा नसतोच. काय ठेवायचं, काय नुसतं सावरायचं आणि काय खरोखर पाडायचं, हा असतो. पाडण्या-बांधण्यावरच ज्याचं पोट आहे, त्याच्याकडून ‘हे राहू द्या’ हे उत्तर मिळण्याची आशा धरणं हा भाबडेपणा झाला. तो माणूस वाईट असायची गरज नाही. न केलेल्या कामाचं त्याला बिल लावता येत नाही, एवढंच. स्वतंत्र डिझायनरला लावता येतं. ‘पाडू नका’ या सल्ल्याचीही फी ज्याला मिळते, तोच तो सल्ला देऊ शकतो.

मराठवाड्याला हे नव्याने सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः या जाड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या जड छपरांखाली. त्यानंतर पुष्कळांनी एकच धडा घेतला: माळवद पाडा, स्लॅब घाला. पण अभियंत्यांनी काढलेला निष्कर्ष वेगळा होता. भिंत दगडाची असणं हा दोष नव्हता. दोन पापुद्र्यांना जोडणारे आरपार दगड नसणं, चारी भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा नसणं आणि छतावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवत जाणं, हे दोष होते. म्हणून पुनर्वसनात नव्या गावांबरोबर जुनी घरं मजबूत करण्याचा वेगळा कार्यक्रमही झाला. त्यात मदत घरमालकाला टप्प्याटप्प्याने मिळत होती आणि अभियंता तांत्रिक सल्ला देत होता. ठराविक अंतरावर भिंतीत आरपार काँक्रीटचे बंध घालणं, लिंटेलच्या पातळीवर पट्टा फिरवणं, छतावरची माती कमी करणं, लाकडी खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार देणं: ही कामं कमी मालाची आणि जास्त अकलेची आहेत. स्क्वेअर फुटाच्या भावात ती बसत नाहीत, म्हणून स्क्वेअर फुटाने काम घेणारा ती सुचवत नाही. उलट, मातीत रचलेल्या जुन्या भिंतींवरच काँक्रीटचा स्लॅब टाकून द्यायला तो तयार होतो. यासारखं धोकादायक काम दुसरं नाही. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या भूकंपाचे धक्के परभणीतही जाणवले, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या घराला लागून नवी खोली किंवा संडास-बाथरूम काढलं, की दोन्ही बांधकामं वेगवेगळी खचतात आणि जोडावर उभी भेग येते. पाया मुरमापर्यंत नेणं, जुन्या-नव्यात फट ठेवणं, जोत्याभोवती पाणी मुरू न देणं, हे आधी ठरवावं लागतं. थ्रीडी चित्रात यातलं काहीच दिसत नाही.

स्वतंत्र डिझायनर म्हणजे धुतल्या तांदळासारखा, असंही मी म्हणणार नाही. खर्चाच्या टक्केवारीवर फी घेणाऱ्याचाही खिसा खर्चाबरोबर फुगतो. म्हणून फी टप्प्यांनुसार ठोक ठरवावी. टाइल्सच्या दुकानातून कमिशन घेणारा डिझायनर नावापुरताच स्वतंत्र. नोंदणीकृत आर्किटेक्टला १९८९च्या आचारनियमांनी अशा कमिशनची मनाई आहे. पण १९७२चा कायदा ‘आर्किटेक्ट’ या बिरुदापुरताच आहे, प्रत्यक्ष काम करायला नोंदणी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा बाकीच्यांच्या बाबतीत अट करारात मालकानेच लिहून घ्यावी. आणि जो व्हॉट्सअॅपवर नकाशा पाठवून परत फिरकत नाही, त्याच्यापेक्षा गावातला अनुभवी मिस्त्री शंभर पटीने बरा. पाया बुजवण्याआधी, स्लॅब ओतण्याआधी गज मोजायला, भिंतीतले पाइप झाकण्याआधी, असं किमान तीनदा डिझायनरने यायचं, आणि मिस्त्रीचा पुढचा हप्ता त्याच्या मोजमापावरच सुटायचा. मुलगा पुण्यात असला तरी हे चालतं. रोज कुणी उभं राहण्यापेक्षा या तीन वेळा जाणकाराने उभं राहणं जास्त उपयोगाचं.

नुसत्या फरशा बदलायच्या, ओटा नवा करायचा, रंग द्यायचा, एवढंच असेल तर यातलं काही नको. चांगला मिस्त्री बघा आणि काम उरका. पण भिंत, छत किंवा पाया यांना हात लागणार असेल, तर आधी डिझायनरकडून पाहणीचा अहवाल आणि बाबवार अंदाजपत्रक घ्या, मग त्यावर दोन-तीन जणांचे दर मागवा. त्यात डिझाइन-अँड-बिल्ड कंपनीनेही दर द्यावा. बाहेरच्या इंजिनिअरने येऊन गज मोजलेले जिला चालतात, तिला काम द्यायला माझी काहीच हरकत नाही. ‘आमच्याकडे आमचाच इंजिनिअर आहे, बाहेरचा कशाला?’ असं जी विचारेल, तिला त्याच प्रश्नासाठी नकार द्यावा.