वाखाची प्रत बांधावरच ठरते

घायपाताचा व अंबाडीचा वाख, तसेच केळीच्या सोपटाचा धागा यांना आजवर दोर, दावी आणि सुतळी यांपलीकडे फारसे मोल मिळत नसे. आता हेच धागे इपॉक्सी नावाच्या कृत्रिम राळेत बसवून तक्ते व आतील सजावटीचे भाग तयार करता येतात. हे कळताच धागा काढण्याचे यंत्र घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी या संमिश्र पदार्थाचे गुणदोष समजून घेणे अगत्याचे आहे.

यामागील तत्त्व शेतकऱ्यांस अपरिचित नाही. भिंतीच्या चिखलात भुसा मिसळला म्हणजे माती आकार धरते आणि काडी तडा आवरते. येथे राळ मातीचे काम करते व धागा काडीचे. काचतंतूची घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट असते, तर वाखाची साधारणतः दीडपटीपर्यंतच. म्हणून वाखाचा तक्ता हलका असून वजनाच्या मानाने चांगला ताठ असतो. तथापि त्याचे ताणसामर्थ्य काचतंतूच्या तक्त्याहून बरेच कमी असते. सबब जेथे मोठा भार पेलावयाचा आहे, तेथे त्याची शिफारस करू नये.

दुसरा दोष ओलीचा. धागा हवेतील ओल शोषतो आणि राळ पाण्यास दूर ठेवते. त्यामुळे दमट धाग्याशी राळेची पकड बसत नाही, आत पोकळ्या राहतात व भार राळेकडून धाग्याकडे पोहोचत नाही. पावसाळ्यात उघड्या कडांतून पाणी शिरल्यास तक्ता फुगतो.

तिसरा प्रश्न उष्णतेचा. सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या पुढे वनस्पतिज धागा खराब होऊ लागतो. राळ तर त्याच्या कितीतरी आधी नरम पडते. साध्या तापमानावर घट्ट होणाऱ्या अनेक इपॉक्सी राळा 50 ते 80 अंशांच्या दरम्यान मऊ होऊ लागतात. वैशाखातील उन्हात तापणाऱ्या छपरासाठी असा तक्ता घेणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. घरातील आडभिंती, कपाटे व दारे हेच त्याचे योग्य क्षेत्र होय.

धाग्यास सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडविल्यास राळेची पकड सुधारते. द्रावण तीव्र झाल्यास मात्र धागाच कमजोर होतो, आणि हा पदार्थ कातडी व डोळे भाजणारा आहे. हे काम कारखान्याचे आहे; ते घराच्या अंगणात करविणे सर्वथा अयोग्य ठरेल.

शेतकऱ्याच्या हाती जे आहे, तेही थोडे नाही. घड उतरताच ताज्या खोडाचा धागा काढावा. गर निघेपर्यंत तो स्वच्छ पाण्यात धुवावा, जमिनीवर न पसरता दोरीवर वाळवावा आणि लांबीप्रमाणे निवडावा. ओला धागा गठ्ठ्यात बांधू नये. अंबाडी गरजेपेक्षा अधिक दिवस कुजू दिल्यास वाखाचे बळ जाते, हे जुने ज्ञान येथेही लागू पडते.

हिशेबही आधीच मांडावा. केळीच्या खोडात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि 100 किलो ओल्या खोडातून जेमतेम एक ते दीड किलो कोरडा धागा मिळतो. खोड दूरवर वाहून नेल्यास नफा भाड्यातच जातो. यास्तव यंत्र शेताजवळ असावे, ते अनेकांनी मिळून घ्यावे, आणि त्यापूर्वी खरेदीदाराशी प्रत व दर यांचा लेखी करार व्हावा. उरलेला चोथा कंपोस्ट खतासाठी शेतातच राहिला पाहिजे. तो विकून जमीन उपाशी ठेवणे हा खोटा व्यापार होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्राची जाहिरात करण्याऐवजी प्रथम धुणे, वाळविणे व निवडणे यांची प्रात्यक्षिके घ्यावीत. गावातून एकसारखा, कोरडा धागा नियमित बाहेर पडू लागला, म्हणजे ग्राहकाशी दराविषयी बोलण्यास आधार मिळेल. त्यापूर्वी घेतलेले यंत्र गंजत पडेल आणि कर्जाचे हप्ते मात्र चुकणार नाहीत.